‘चारच ओव्हर तर टाकायच्यात, डॉक्टर!’



एरवी या ब्लॉगवर मी आजार समजावून सांगतो. आज मात्र भांडायचं आहे, आणि भांडण एका वाक्याशी आहे. ते वाक्य वर शीर्षकात दिलं आहे.

डिसेंबर उजाडला, की भाईंदरहून उत्तनकडे येणाऱ्या रस्त्यावर, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी असं एकेक गाव मागे टाकत येताना जिथे मोकळी जागा दिसेल तिथे चुन्याच्या रेघा दिसायला लागतात. भात कापून झालेलं असतं, जमीन दगडासारखी कडक झालेली असते आणि कुठल्या ना कुठल्या चषकाचे बॅनर लागलेले असतात. शनिवार-रविवार दिवसा, बाकीचे दिवस रात्री लाइट लावून. मला याचं वावडं नाही. पोरं मोबाइल सोडून मैदानात उतरतात याचा मला आनंदच आहे. पण सोमवारी सकाळी दवाखान्यात चौदा-पंधरा वर्षांचा एखादा उंच, काटकुळा मुलगा कमरेवर हात ठेवून वाकडा उभा राहतो. मी म्हणतो, “दीड महिना बॉलिंग बंद.” लगेच वडील म्हणतात, “डॉक्टर, टी-ट्वेंटीच आहे हो. चारच ओव्हर तर टाकायच्यात!”

वडिलांचा दोष थोडा आहे. हे वाक्य त्यांना शिकवलं गेलं आहे. ज्यांना त्या मुलाच्या चार ओव्हर हव्या असतात त्यांनी शिकवलं आहे: कोच, संघाचा मालक, स्पर्धेचा आयोजक. आणि हे वाक्य खोटं आहे.

कसं ते गणितानेच पाहू. चौदा वर्षांचा मुलगा धरा, फास्ट बॉलर. भाईंदर किंवा बोरिवलीच्या अकादमीत आठवड्यातून चार दिवस नेट, रोज साधारण ६० चेंडू. झाले २४०. मधल्या एका दिवशी शाळेचा सामना, त्यात दहा ओव्हर म्हणजे ६०. रविवारी गावच्या स्पर्धेत संघ जिंकत गेला, म्हणजे दिवसात तीन सामने, प्रत्येकी चार ओव्हर. ते ७२. प्रत्येक सामन्याआधी खांदा मोकळा करायला बारा चेंडू, म्हणजे आणखी ३६. एकूण ४०८. म्हणजे आठवड्याला ६८ ओव्हर! वाइड आणि नो-बॉल यात धरलेच नाहीत. सीमारेषेवरून केलेले थ्रोही नाहीत. आणि वडिलांच्या डोक्यात काय आहे? चार.

चूक अशी, की आपण सामना मोजतो, शरीर चेंडू मोजतं. स्कोअरबुकात न लिहिलेला चेंडूही मणक्याला तितकाच लागतो.

या गोष्टीवर जगात सगळ्यात जास्त विचार कुठे झाला असेल, तर तो अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. तिथल्या एका पेशाची ओळख करून देतो, कारण आपले टी-ट्वेंटी बॉलर हळूहळू त्याच पेशात शिरले आहेत. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. सामना सुरू करणारा एक असतो, तो चार-पाच दिवसांतून एकदा खेळतो आणि शंभरेक चेंडू टाकतो. तो दमला किंवा मार खायला लागला की बदली पिचर येतो, त्याला रिलीफ पिचर म्हणतात. हा बहुधा एकच डाव टाकतो. पंधरा-वीस चेंडू आणि काम संपलं. पाहणाऱ्याला वाटतं, काय मजेची नोकरी आहे!

आता त्याची दुसरी बाजू पाहा. सुरुवातीच्या पिचरला आपली ताकद पुरवून वापरता येते, रिलीफ पिचरला नाही. त्याला पहिला चेंडूच पूर्ण जोर लावून टाकावा लागतो. त्याची पाळी कधी येईल हे ठरलेलं नसतं, त्यामुळे मैदानाच्या कडेला राखलेल्या जागेत उठून तो हात गरम करतो. मग निरोप येतो, “थांब, आता नको.” पुन्हा बसतो. तासाभराने पुन्हा उठतो. कधी कधी असं दोनदा गरम होऊनही त्या दिवशी मैदानात पाय पडत नाही. अधिकृत आकडा, शून्य चेंडू. आणि उद्या पुन्हा हजर. हा माणूस एका दिवशी थोडं फेकतो, पण लागोपाठच्या दिवशी फेकतो, आणि विश्रांतीचा हिशेब बिघडतो तो तिथे.

१९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्स या संघात दोन पिचर होते. एकाचं नाव माइक मार्शल. रिलीफ पिचर. त्या एका मोसमात तो १०६ सामन्यांत उतरला आणि २०८ पेक्षा जास्त डाव टाकले. हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. त्याच संघातला दुसरा पिचर टॉमी जॉन. जुलै महिन्यात एका सामन्यात चेंडू टाकताना त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट तुटलं. तोवर या दुखापतीचा अर्थ करिअर संपलं असाच होता. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळची एक स्नायुरज्जू काढली आणि कोपरात लिगामेंटच्या जागी बसवली. जॉन सगळा १९७५ बाहेर राहिला, १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मैदानाजवळच्या कट्ट्यावर या दोघांपैकी कोणाचं उदाहरण दिलं जाईल सांगा? मार्शलचंच. “बघा, एकशे सहा मॅच खेळला, काही झालं का?” पण मार्शल हा शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणारा माणूस होता, त्या विषयात त्याने पुढे डॉक्टरेट मिळवली. आपल्या हातावर काय प्रयोग चाललाय हे त्याला कळत होतं. आणि मुख्य म्हणजे जो टिकतो त्याचंच नाव आपल्याला ठाऊक असतं. जे विसाव्या वर्षी घरी बसले त्यांचे विक्रम कोण लिहिणार?

आपल्याकडेही एक रिलीफ पिचर होऊन गेला. रिंकू सिंग, उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातला भालाफेकपटू. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या स्पर्धेत तो जिंकला. बेसबॉलचा चेंडू त्याआधी त्याने हातात धरलेला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने आणि दिनेश पटेलने पिट्सबर्ग पायरेट्सबरोबर करार केला. डिस्नेने २०१४ मध्ये यावर सिनेमा काढला, तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. छान आहे. पण सिनेमा जिथे संपतो तिथून त्या मुलाचं खरं काम सुरू झालं. खालच्या दर्जाच्या लीगमध्ये तो डावखुरा रिलीफ पिचर म्हणून रुजला. २०१२ मध्ये ३९ सामन्यांत ७२ डाव टाकले, आणि चांगले टाकले. पुढच्याच वर्षापासून दुखापतींनी गाठलं. टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, मोसमामागून मोसम गेले, आणि मुख्य लीगपर्यंत तो पोचला नाही. २०१८ मध्ये तो कुस्तीच्या मनोरंजनाच्या धंद्यात, डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. एका माणसाच्या उदाहरणावरून कारण सिद्ध होत नसतं, हे मी डॉक्टर म्हणून जाणतो. पण विशीत पोचलेला, परदेशी फिजिओ आणि सर्जन हाताशी असलेला खेळाडूही ‘छोट्या कामात’ सुरक्षित नसतो, एवढं तरी त्यातून समजून घ्या.

आता आपल्या लोकलच्या रुळांवर या.

२०२३ च्या आयपीएलपासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’चा नियम आला. सामना चालू असताना एकाला बसवून दुसरा आणायचा. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादच्या पहिल्याच सामन्यात आयपीएलमध्ये हा नियम पहिल्यांदा वापरला गेला, आणि मैदानात उतरला आपला कल्याणचा तुषार देशपांडे. अंबाती रायुडूच्या जागी. ३.२ ओव्हरमध्ये ५१ धावा गेल्या. लोकांनी त्याला सोशल मीडियावर जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. (त्याच मोसमात त्याने २१ बळी घेतले आणि चेन्नई जिंकली, तेव्हा हीच मंडळी टाळ्या वाजवत होती. असो.) मला त्यात दिसलं ते वेगळंच. क्रिकेटला अधिकृतपणे रिलीफ पिचर मिळाला होता. बाहेर बसायचं, गरम राहायचं, बोलावलं की पहिल्या चेंडूपासून पूर्ण जोर लावायचा. फक्त त्या पेशाबरोबर अमेरिकेत जी मोजदाद येते, ती आपल्या गल्लीपर्यंत आली नाही.

दुसरा आपला पालघरचा शार्दूल ठाकूर. आपल्याच पश्चिम रेल्वेवर किटबॅग घेऊन मुंबईत येणारा मुलगा. शाळेत असताना त्याचा खेळ पाहून दिनेश लाड सरांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणलं आणि स्वतःच्या घरी राहायला जागा दिली. ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक पालकाला पाठ आहे. पुढची कमी जणांना पाठ आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला त्याला कसोटीची टोपी मिळाली, आणि दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने तो मैदानाबाहेर गेला. दहा चेंडू! आयुष्यभर ज्यासाठी घाम गाळला ते दोन ओव्हरही टिकलं नाही. मार्च २०२४ मध्ये रणजीची उपांत्य फेरी जिंकल्यावर शार्दूलनेच जाहीरपणे सांगितलं, की रणजी सामन्यांमध्ये तीनच दिवसांची सुट्टी मिळते, आणि असंच आणखी दोन मोसम चाललं तर देशभर दुखापती वाढतील. शतक ठोकून आलेला, जिंकलेला माणूस हे बोलत होता, म्हणजे हरल्याची सबब नव्हती. पुढच्या मोसमात रणजीचं वेळापत्रक दोन टप्प्यांत विभागलं गेलं. प्रौढ, पगारी, विमा उतरवलेल्या खेळाडूंना चार दिवसांच्या सामन्यानंतर तीन दिवस कमी पडतात. आणि आपला आठवीतला मुलगा सकाळी नऊला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला टाकतो.

बुमराबद्दल तर बोलायलाच नको असं झालंय. २०१९ मध्ये पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर, २०२२ मध्ये पुन्हा पाठ आणि टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया. मग २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात दीडशेहून जास्त ओव्हर, ३२ बळी, आणि सिडनीच्या शेवटच्या डावात पाठ धरून बसलेला बुमरा. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने पाचपैकी तीनच कसोटी खेळल्या तर लोक म्हणाले, नखरे करतो. वर्कलोड हा शब्द आपल्याकडे विनोद झाला आहे. कट्ट्यावर बसून हा विनोद करणाऱ्यांपैकी कुणी आयुष्यात सलग सहा चेंडू पूर्ण वेगात टाकले असतील, अशी माझी अपेक्षा नाही.

पाठीत नेमकं होतं काय?

फास्ट बॉलर धावत येतो आणि पुढचा पाय जमिनीवर आपटून एकदम थांबतो. त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, काही जणांत त्याहून जास्त जोर येतो. पन्नास किलोचा मुलगा असेल तर अडीच-तीनशे किलो. हा धक्का गुडघ्यातून, खुब्यातून वर चढत असताना कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी.

आपल्या प्रत्येक मणक्याच्या मागच्या भागात, डाव्या आणि उजव्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो. वाकण्या-पिळण्याचा सगळा ताण त्या पुलावर येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या बाबतीत तो बहुतेकदा कमरेच्या डाव्या बाजूच्या पुलावर येतो, खालच्या दोन-तीन मणक्यांत. तार पुन्हा पुन्हा एकाच जागी वाकवली की आधी पांढरी रेघ दिसते, मग चीर, मग तुकडा. हाडाचंही तसंच. फरक एवढाच, की हाड जिवंत असतं, ते रात्री झोपेत स्वतःला दुरुस्त करत असतं. रोजची झीज आणि रोजची दुरुस्ती जोवर बरोबरीत आहेत तोवर हाड उलट मजबूत होतं. झीज पुढे गेली की स्ट्रेस फ्रॅक्चर.

मुलांमध्ये धोका जास्त का? तेरा ते सतरा या वयात उंची भराभर वाढते. हाड लांब आधी होतं, त्यात कॅल्शियम भरून ते टणक व्हायला वेळ लागतो. म्हणजे ज्या वर्षी मुलगा अचानक उंच झाला, वेग वाढला आणि कोचच्या डोळ्यांत भरला, नेमक्या त्याच वर्षी त्याचं हाड सगळ्यात कच्चं असतं. त्यात पहाटेची बस आणि लोकल, पोटात एक वडापाव, झोप सहा तास. दुरुस्तीचं सामान कुठून यायचं?

लक्षणं साधी असतात, म्हणूनच फसवतात. कमरेत एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं. बॉलिंग केली की वाढतं, दोन दिवस थांबलं की कमी होतं. पुढे वाकताना फारसं नाही, मागे वाकताना दुखतं. डाव्या पायावर उभं राहून मागे झुकायला सांगा, उजव्या हाताचा बॉलर तोंड वाकडं करेल. ही घरगुती खूण आहे, निदान नव्हे, पण ती दिसली तर बॉलिंग त्याच दिवशी थांबवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, पायात मुंग्या किंवा ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

सुरुवातीच्या काळात एक्स-रे बहुधा नॉर्मल येतो. “एक्स-रे क्लिअर आहे” म्हणजे मुलगा खेळायला मोकळा, असा अर्थ लावू नका. एमआरआय लागतो, आणि तो काढताना मुलगा फास्ट बॉलर आहे हे तिथे जरूर सांगा, म्हणजे त्या अरुंद पुलाकडे नीट पाहिलं जातं. वेळेत सापडलं तर तीन ते सहा महिने बॉलिंग पूर्ण बंद, फिजिओथेरपी, पोटाचे-पाठीचे-खुब्याचे व्यायाम, मग मोजून-मापून परत. बहुतेक मुलं पूर्ववत खेळतात. उशीर झाला, दोन्ही बाजूंचे पूल तुटले, तर मणका पुढे सरकू शकतो, आणि मग प्रश्न क्रिकेटचा राहत नाही.

इंजेक्शनची सोय

इथे आमच्याच पेशातल्या काही जणांशी भांडण आहे. फायनल आहे, बॉलर दुखतंय म्हणतो, कुणीतरी त्याला नेऊन कमरेखाली डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देऊन आणतो. अर्ध्या तासात दुखणं गायब. मुलगा खूश, संघमालक खूश. दुखणं म्हणजे घरातली धुराची घंटा आहे. तुम्ही घंटेची वायर कापली आणि खाली स्टोव्ह तसाच पेटता ठेवला. शिवाय उन्हात घाम गाळून पाणी कमी झालेल्या शरीरात या औषधांचा भार मूत्रपिंडांवर पडतो, तो वेगळाच. पंधरा वर्षांच्या मुलाला खेळवण्यासाठी वेदनाशामक टोचणं हा उपचार नाही. तपासणी न करता हे करणाऱ्याला डॉक्टर का म्हणायचं, हे मला कुणी समजावून सांगावं.

“पूर्वीचे लोक टाकत नव्हते का?”

हा प्रश्न येणारच, म्हणून घेतो. कपिल देव १३१ कसोटी खेळला, कधी दुखापतीने कसोटी चुकली नाही, हे मला माहीत आहे. त्याच्याबरोबर त्या काळी टाकणारे आणि गळालेले किती होते, ते मला कुणी सांगू शकत नाही, कारण त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. मार्शल आणि टॉमी जॉनची गोष्ट मी उगाच नाही सांगितली.

पण या आक्षेपात एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि ती मान्य करायला हवी. कमी टाकणं हाच उपाय आहे, असं नाही. जो मुलगा सहा महिने काहीच टाकत नाही आणि डिसेंबरमध्ये एकदम रोज टाकायला लागतो, त्याला धोका जास्त. हाडाला हळूहळू वाढवलेला भार चालतो, एकदम पडलेला चालत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे मैदानं बंद, दिवाळीनंतर अचानक सगळं सुरू. हा उतार-चढावच घातक आहे. जुने बॉलर वर्षभर सारखं, मध्यम वेगात, मऊ मैदानावर टाकत. आपली पोरं महिनाभर काही नाही आणि मग एका रविवारी बारा ओव्हर, तीही कडक शेतात, पातळ तळाचे बूट घालून.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. “डॉक्टर, तुमचं बरोबर आहे, पण आमच्याकडे दुसरा काय चान्स आहे? एखाद्याने पाहिलं तर पोराचं आयुष्य बदलेल.” मासे विकून अकादमीची फी भरणारी आई हे बोलते तेव्हा तिला तत्त्वज्ञान सांगण्यात अर्थ नसतो. मी एवढंच म्हणतो, ताई, जो चान्स तुम्ही म्हणता तो अठरा-एकोणीसाव्या वर्षी येतो. चौदाव्या वर्षी जिंकलेल्या चषकावर कोणी करार देत नाही. ज्याचं भांडवल एकच पाठ आहे, त्याने ती आधी जपायची. श्रीमंताच्या मुलाची पाठ गेली तर तो एमबीए करेल. तुमच्या मुलाची गेली तर मासळीची पाटीही उचलता येणार नाही. म्हणून मोजदाद ही श्रीमंतांची चैन आहे, हे म्हणणं मला उलटं वाटतं.

मोजायचं कसं?

अमेरिकेत लिट्ल लीगने २००७ पासून मुलांचे डाव मोजणं सोडून चेंडू मोजायला सुरुवात केली. २०१४ मध्ये तिथल्या मुख्य लीगने वयानुसार मार्गदर्शक तक्ता काढला. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने दिवसात २० चेंडू टाकले तर दुसऱ्या दिवशी चालतं. २१ ते ३५ टाकले तर एक दिवस विश्रांती. ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस. एका दिवसात दोन सामन्यांत पिचिंग टाळा, एकाच मोसमात दोन संघांकडून खेळू नका, वर्षात किमान चार महिने फेकणं बंद.

आता पुन्हा ते वाक्य म्हणा. चार ओव्हर म्हणजे २४ चेंडू. त्यांच्या तक्त्यात ‘चारच ओव्हर’ला एक दिवसाची सक्तीची सुट्टी आहे! बेसबॉलचं फेकणं आणि क्रिकेटची बॉलिंग एक नव्हे, मान्य. तिथे कोपर जातं, इथे कंबर जाते. तो तक्ता जसाच्या तसा आपल्याला लागू करा, असं मी म्हणत नाही. पण क्रिकेटपुरतं बोलायचं, तर इंग्लंडच्या बोर्डानेही वयोगटानुसार फास्ट बॉलरने एका स्पेलमध्ये आणि एका दिवसात किती ओव्हर टाकायच्या हे ठरवून दिलंय. स्पेल संपला की त्याच बाजूने तितक्याच ओव्हर होईपर्यंत त्याला परत आणता येत नाही, आणि हे पाहण्याची जबाबदारी पंचांवरही आहे.

अलाबामातल्या क्रीडावैद्यक संस्थेने २००६ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या तरुण पिचरांची तुलना धडधाकट पिचरांशी केली होती. हात दमलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्यांत शस्त्रक्रियेचा धोका ३६ पट आढळला. वर्षातले आठ महिन्यांहून जास्त स्पर्धेत फेकणाऱ्यांत पाच पट. वेगापेक्षा दमलेपणी फेकणं हा सगळ्यात मोठा शत्रू निघाला. आपल्याकडे दमलेल्या मुलाला काय सांगतात? “जिद्द दाखव.”

आपल्या मुलांची खरी अडचण अशी, की एका मुलाचे तीन कोच असतात. शाळेचा, अकादमीचा आणि गावच्या संघाचा ‘भाई’. तिघांनाही आपल्यापुरतं वाटतं, मी तर थोडंच टाकून घेतो. बेरीज कुणीच करत नाही. ती करू शकणारी माणसं घरात आहेत. एक दोनशे पानी वही घ्या. रोज रात्री मुलाला विचारा, आज किती टाकले, नेटमधले, सामन्यातले, गरम होण्याचे, सगळे. आठवड्याची बेरीज लिहा. गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा या आठवड्याची बेरीज फार वर गेली, तर रविवारचा सामना बॅट्समन म्हणून खेळू दे. वाढदिवसाला भिंतीवर उंचीची खूण करता तशी दर दोन-तीन महिन्यांनी करा. उंची झपाट्याने वाढत असेल ते महिने जपायचे. आणि हे सगळं मुलालाच करायला शिकवलं तर उत्तम, त्याला गणितही येईल.

आयोजकांना माझं मागणं सोपं आहे. सोळा वर्षांखालचा फास्ट बॉलर दिवसात एकाच सामन्यात टाकेल, एवढा एक नियम स्पर्धेच्या पत्रकावर छापा. जिथे लाउडस्पीकर, ड्रोन आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण परवडतं, तिथे स्कोअररच्या वहीत वयाचा एक रकाना परवडायला हरकत नसावी. मी हे काही आयोजकांना तोंडी सांगून पाहिलं. एकाचं उत्तर होतं, “डॉक्टर, मग फायनलला टाकणार कोण?” त्या संघात अकरा खेळाडू होते.

यंदाचे बॅनर लागायला सुरुवात झाली आहे. पालकांसाठी आठवड्याच्या चेंडूंचा एक पानी तक्ता मी मराठीत करून ठेवलाय. दवाखान्यात संध्याकाळी सहानंतर कुणीही घेऊन जावा, पैसे नाहीत. आयोजकांना हवा असेल तर पन्नास प्रती मी स्वतःच्या खर्चाने काढून देईन.